रेड नी टॅरंटुला: पेटी अशी मांडा की फोटोही तिथेच निघेल

टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, मरतो तो बहुधा लाडाने. रोज पाणी शिंपडणं, वरून दिवा सोडणं, दर दोन दिवसांनी खायला घालणं, पाहुण्यांसमोर हातावर घेणं, फोटोसाठी बाहेर काढणं. सगळं प्रेमापोटी होतं आणि यातलं काहीही त्याला नको असतं. म्हणून पेटी पहिल्या दिवशीच अशी मांडायची की पाणी-खाणं सोडलं तर पुढे महिनोन्‌महिने तिच्यात हात घालावा लागू नये. चांगले फोटोही अशाच पेटीतून, काचेतून निघतात.

'टॅरंटुला' या एका शब्दाखाली हजारावर जाती येतात. झाडावर राहणाऱ्याची उंच पेटी जमिनीवरच्याला घातक ठरते. म्हणून इथे एकच जात धरली आहे: मेक्सिकन रेड नी, शास्त्रीय नाव ब्राकिपेल्मा हॅमोरी. मखमली काळं अंग, पायांच्या सांध्यांवर केशरी पट्टे. हा मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा, कोलिमा-हालिस्को भागातला. बरेच विक्रेते याला अजून ब्राकिपेल्मा स्मिथी या जुन्या नावानेच विकतात. पाय पसरून मोजला तर पूर्ण वाढलेला कोळी साधारण १४ सेंटिमीटर भरतो. मादी २० वर्षं सहज ओलांडते. नर त्याच्या निम्मंही जगत नाही, आणि वयात आल्यावर तर वर्ष-दीड वर्षाचाच सोबती. पिल्लू आणलंत तर मोठं व्हायला पाच-सात वर्षं लागतात.

आणण्याआधी कागद बघा. ब्राकिपेल्माच्या सगळ्या जाती साइटिस या, धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीने अशा परदेशी प्राण्यांसाठी अनुसूची चार आली आणि त्यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विक्रेता कागद देत नसेल तर कोळी कितीही देखणा असो, परत फिरा. सह्याद्रीतल्या झाडाच्या ढोलीतून किंवा रस्त्याकडेच्या दरडीतल्या बिळातून तर काहीच उचलू नका. आपल्याकडच्या पोसिलोथेरिया कुळीचे कोळी २०१९ पासून साइटिसच्या यादीत आहेत, आणि त्यांच्या चाव्याने स्नायूंना असे वांब येतात की नवशिक्याने त्या वाटेला जाऊच नये.

पेटी

लांबी पायांच्या पसाऱ्याच्या तिप्पट, रुंदी दुप्पट. १४ सेंटिमीटरच्या कोळ्याला ४५ × ३० × ३० सेंटिमीटरची पेटी पुरते. लांबी-रुंदी थोडी इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही. उंची मात्र सांभाळायची: मातीपासून झाकणापर्यंत २० सेंटिमीटरहून जास्त अंतर नको. हा कोळी जड अंगाचा, तरी रात्री काचेवर चढतो. त्याच्या पोटाची कातडी पातळ असते आणि आतला द्रव दाबाखाली असतो. त्याच दाबाने तो पाय सरळ करतो. फूटभरावरून दगडावर पडला की पोट फुटतं, आणि फुटलेलं पोट सहसा वाचत नाही. म्हणजे ३० सेंटिमीटर उंच पेटीत १२ ते १५ सेंटिमीटर माती हवीच. नुसती तळाला पसरलेली दोन बोटं माती म्हणजे अपघाताची तयारी.

झाकणाला जाळी नको. पायांच्या टोकाची बारीक नखं जाळीत अडकतात, कोळी लोंबकळतो आणि पाय तुटतो. चार मिलिमीटर जाड पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण घ्या आणि दोन समोरासमोरच्या बाजूंना दोन-तीन मिलिमीटरची वीस-पंचवीस छिद्रं पाडा, म्हणजे हवा आरपार खेळते. पिल्लाच्या डबीला सुईने पाडलेली छिद्रंच बरी, कारण ज्या छिद्रातून पाठीचं कवच जातं त्यातून पिल्लूही जातं. झाकणाला कडी किंवा चिमटा हवा. नुसतं ठेवलेलं झाकण कोळी उचलतो.

फोटोचा विचार इथूनच सुरू होतो. पुढची बाजू काचेचीच घ्या. ॲक्रिलिकवर पुसतापुसता ओरखडे उठतात आणि प्रत्येक ओरखडा फ्लॅशमध्ये चमकतो. माशांच्या टाक्या करणाऱ्याकडून पेटी बनवून घेत असाल तर पुढच्या काचेवर सिलिकॉनचे ओघळ नकोत, असं आधीच सांगा. नव्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, पेटी उघडी ठेवा.

आता माती. ४५ × ३० च्या पेटीत १४ सेंटिमीटर थर म्हणजे जवळजवळ १९ लिटर. दाबून भरायची असल्याने २५ लिटर हाताशी ठेवा. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट चार लिटर पाण्यात भिजवली की आठ-नऊ लिटर होते. अशा दोन विटा आणि त्यात सात-आठ लिटर चाळलेली लाल माती. नुसतं कोकोपीट वाळलं की भुसभुशीत होतं आणि खणलेलं बीळ ढासळतं. मातीने ते धरून राहतं. नर्सरीतली 'तयार माती' घेऊ नका. तिच्यात शेणखत असतं, निंबोळी पेंड असते, कधी कीटकनाशकही. कोळी आणि कीटक एकाच औषधाने मरतात. कोकोपीटमध्ये क्षार राहिलेले असतात, तेव्हा दोनदा पाणी बदलून पिळून घ्या आणि उन्हात पसरा. मूठभर माती दाबून बघा: लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून थेंब गळता कामा नये. मग चार-चार सेंटिमीटरचे थर देत तळहाताने घट्ट दाबत जा. वरचा थर कोरडा झाल्यावरच कोळी सोडा. ओल्या मातीवर पाय ठेवायला तो तयार नसतो. चार-पाच दिवस काचेलाच चिकटून बसला तर समजा, ओल जास्त झाली.

लपायला अर्धी कुंडी. पंधरा सेंटिमीटर व्यासाची मातीची कुंडी उभी अर्धी कापून, कडा घासून, मातीत एक-तृतीयांश पुरायची. लहान कोळ्याला नारळाची करवंटी छान चालते. कुंडीचं तोंड थेट काचेकडे नको, तिरकं ठेवा. कोळी तासन्‌तास तोंडाशी बसून राहतो, आणि तिरक्या तोंडामुळे त्याचे डोळे आणि पुढचे दोन्ही पाय एकाच वेळी दिसतात. कुंडी आणि काच यांच्यामध्ये आठ-दहा सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. तेच तुमचं रंगमंच. पाण्याची वाटी दुसऱ्या कोपऱ्यात: उथळ, सहा-सात सेंटिमीटर रुंद, स्पंज न घालता. स्पंजमध्ये घाण साचण्यापलीकडे काही होत नाही. कोळी सरळ तोंड लावून पाणी पितो.

ऊन, ओल आणि घरातली विषं

२२ ते २८ अंशांत तो खुशाल राहतो, म्हणजे महाराष्ट्रातल्या घरात वर्षातले बरेच महिने काहीच करावं लागत नाही. पेटीखाली गरम पट्टी ठेवणं ही सगळ्यात वाईट सोय. रानात उकडलं की कोळी खाली खणत जातो, कारण खाली गारवा असतो. इथे तो जितका खाली जाईल तितका भाजेल. विदर्भातल्या मे महिन्यात पेटी आतल्या खोलीत जमिनीलगत ठेवा आणि हवेची छिद्रं मोकळी सोडून बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. ३५ अंशांच्या वर दिवसच्या दिवस राहू देऊ नका. खिडकीतलं ऊन मात्र कुठल्याही ऋतूत नको. काचेची पेटी दहा मिनिटांत भट्टी होते.

त्याच्या मूळ प्रदेशात जून ते ऑक्टोबर पाऊस आणि पुढे लांब कोरडा काळ असतो. आपल्याला ओळखीचंच चक्र. म्हणून पेटी कोरडी आणि एकच कोपरा ओला ठेवायचा: दर दहा-पंधरा दिवसांनी वाटी भरताना पाणी थोडं सांडू द्या, बस. फवारणी नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर तेवढंही करू नका, वाटी भरलेली असली की पुरे. ओल कोंडली की आधी बुरशी येते, मग माइट, म्हणजे पांढरे बारीक किडे, वाटीच्या कडेला आणि उरलेल्या खाण्यावर दिसतात. इलाज एकच: खरकटं काढा, वरचा थर बदला, हवा वाढवा.

जास्त धोका घरातल्याच गोष्टींचा आहे. डासांच्या कॉइल, प्लगमध्ये लावायची लिक्विड, झुरळांचे फवारे, पेस्ट कंट्रोल या सगळ्यांत बहुतेक पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात, आणि ती कोळ्यालाही तितकीच लागू पडतात. त्या खोलीत मच्छरदाणी वापरा. धूप आणि उदबत्ती दुसऱ्या खोलीत. पेस्ट कंट्रोल होणार असेल तर पेटी निदान आठवडाभर दुसऱ्या घरी न्या. औषधाने कोळी पाय झटकत, अडखळत चालायला लागला तर परतीची वाट फार अरुंद असते.

मुंग्यांसाठी आजीची युक्ती: पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. कात टाकून मऊ पडलेल्या कोळ्याला लाल मुंग्या एका रात्रीत संपवतात.

खाणं

मोठ्या कोळ्याला दहा-पंधरा दिवसांतून एक डुबिया झुरळ (खाद्य म्हणून पाळलेलं), रातकिडा किंवा दोन-तीन सुपरवर्म (भुंग्याच्या मोठ्या अळ्या). भक्ष्य त्याच्या पोटाहून मोठं नको. मध्यम वयाच्याला आठवड्याने. पिल्लाला तीन-चार दिवसांनी मीलवर्मचा (तशाच पण लहान अळीचा) कापलेला तुकडा, कारण जिवंत किडा पिल्लालाच चावतो. सुपरवर्म आणि मीलवर्म मातीत शिरून बसतात, तेव्हा टाकण्याआधी चिमट्याने डोकं चेचा. स्वयंपाकघरातलं झुरळ कधीच नाही. ते कुठलं जेल चाटून आलंय ते कळत नाही.

चोवीस तासांत खाल्लं नाही तर किडा काढून घ्या. पोट पाठीच्या कवचाच्या दीडपटीहून फुगलं असेल तर महिनाभर उपास घडू द्या. या कोळ्याला उपासाने काही होत नाही, टम्म पोट मात्र छोट्याशा पडण्यानेही फुटतं. महिनोन्‌महिने न खाणं हाही या जातीचा नेहमीचा स्वभाव. पोट भरलेलं आणि वाटीत पाणी असेल तर वाट बघा.

कात

खाणं बंद, चाल मंद, रंग मळका, आणि पोटावर केस झडलेला जो तुकडा आधी फिकट दिसत होता तो काळा पडला: कात येणार. मग कोळी जाळ्याची चटई विणतो आणि चक्क उताणा झोपतो. हे पाहून 'मेला' म्हणून टाकून दिलेल्या कोळ्यांची गणती नाही. मरणारा कोळी उताणा होत नसतो. तो उभाच राहतो आणि पाय पोटाखाली मुडपले जातात. बऱ्याचदा कारण पाण्याची कमतरता असते, तेव्हा उथळ ताटलीत पाणी घेऊन त्याचं तोंड कडेला लावा, पोटाखालची श्वासाची जागा पाण्याबाहेर ठेवा आणि काही तास थांबा.

मोठ्या कोळ्याला कात टाकायला कित्येक तास लागतात. या काळात हात नको, फवारा नको, पेटी हलवणं नको आणि आत एकही जिवंत किडा नको. बाहेर आल्यावर सुळे पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. ते काळे होईपर्यंत, म्हणजे मोठ्याच्या बाबतीत दहा ते चौदा दिवस, खायला घालू नका. मऊ सुळ्यांनी तो कवच फोडू शकत नाही आणि सुळे वाकले तर पुढच्या कातीपर्यंत उपासमार. तुटलेला पाय मात्र कातीबरोबर परत येतो, आधी बारीक, पुढच्या वेळी पुरेसा.

केस

अमेरिका खंडांतले हे कोळी चावण्याआधी केस उडवतात. मागचे पाय पोटावर झपाझप घासले की काटेरी केसांचा धुरळा उठतो. कातडीवर दोन दिवस खाज येते. चिकटपट्टी लावून ओढा आणि धुवा, चोळू नका. डोळ्यात गेले तर प्रकरण वेगळं: केस बुबुळात रुतत आत सरकतात. पाण्याने धुवून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि 'टॅरंटुलाचे केस' हे शब्द स्पष्ट सांगा, नाहीतर साध्या डोळे येण्याचं औषध मिळेल. पेटीत हात घालताना चष्मा किंवा गॉगल आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. पेटीवर तोंड आणून वाकू नका. फोटो काढणाऱ्यांना नेमकी हीच खोड असते.

कोळी हलवायचा असेल तर पारदर्शक डबा त्याच्यावर पालथा घाला आणि खालून पुठ्ठा सरकवा, किंवा मऊ ब्रशने मागच्या पायांना हळूच स्पर्श करून आडव्या डब्यात चालवत न्या. फुंकर मारू नका, तो उधळतो.

फोटो

आधी काचेतून. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, तिला रबराचं हूड आणि हूड काचेला सपाट टेकवलेलं. लेन्स तिरकी झाली की काचेच्या जाडीमुळे चित्र पुसट होतं आणि प्रतिबिंबं शिरतात. उजेड समोरून देऊच नका. पारदर्शक झाकणावर बटर पेपरचे दोन थर पसरा, त्यावर दहा-बारा सेंटिमीटर उंचीवर फ्लॅश खाली तोंड करून धरा आणि ट्रिगर किंवा केबलने जोडा. सगळं झाकणच मऊ दिवा होतं. पायांखालची सावली फार गडद आली तर काचेला लागून लेन्सखाली पांढरा पुठ्ठा उभा करा. काच बाहेरून व्हिनेगर-पाण्याने पुसा, आतून फक्त पाण्याने. काच चमकवायचा फवारा पेटीजवळ आणू नका.

सुरुवात अशी: शटर १/१६०, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ११, आयएसओ २००, फ्लॅशची ताकद १/८. केशरी गुडघे बघून उजेड ठरवा. काळं अंग जास्त दिसतं म्हणून कॅमेरा स्वतःच्या हिशेबाने चित्र उजळतो आणि केशरी रंग पांढुरका होतो. उजेड एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी ठेवा. काळ्यातले केस नंतर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलमधून निघतात, जळलेला केशरी निघत नाही.

फोकसची खोली समजून घेतली तर निम्मी निराशा टळते. संपूर्ण कोळी फुल फ्रेममध्ये बसवायचा म्हणजे प्रमाण साधारण एकास चार, सेन्सरवरचं चित्र खऱ्या आकाराच्या पाव. एफ ११ वर तिथे जेमतेम १३ मिलिमीटर खोली स्पष्ट मिळते. म्हणून पूर्ण कोळी वरून, सेन्सर पाठीला समांतर धरून घ्या. वरून घेताना बटर पेपर बाजूला सारून लेन्स झाकणाला टेकवा आणि फ्लॅश झाकणाच्या कडेला न्या. चेहऱ्यासाठी एकास एक गेलात तर खोली उरते १.३ मिलिमीटर. आठही डोळे कवचाच्या पुढच्या टोकावरच्या छोट्या उंचवट्यावर असतात, फोकस तिथेच. एफ २२ करून खोली वाढवायचा मोह होतो, पण एकास एकला एफ २२ प्रत्यक्षात एफ ४४ इतकं बारीक होतं आणि सगळंच मऊ पडतं. एफ ११च्या पुढे जाऊ नका.

फोन असेल तर दोन किंवा तीन पटीची टेलि लेन्स वापरा. फोनचा मॅक्रो मोड बहुधा अतिरुंद लेन्सवर चालतो. त्याला विषयाच्या दोन-चार सेंटिमीटर जवळ जावं लागतं आणि तिथे काच, प्रतिबिंब आणि तुमची सावली सगळेच आडवे येतात. शेजारी एक मंद एलईडी दिवा आणि फोन टेकवायला पुस्तकांची चळत पुरते.

वेळ अंधार पडल्यानंतरची. खोलीत अंधुक लाल दिवा लावून अर्धा तास थांबा. कोळी आपणहून त्या मोकळ्या जागेत येतो. पुढचे पाय उचलले किंवा मागचा पाय पोटाकडे गेला की त्या दिवसाचं काम संपलं. काडीने डिवचून उभा केलेला 'हल्ल्याचा पवित्रा' जाणकाराला लगेच ओळखू येतो, आणि तो फोटो कधीच चांगला नसतो.

बाहेर काढल्याशिवाय भागतच नसेल तर वर्षातून एकदा आणि जमिनीवरच. टेबलावर कधीच नाही. साठेक लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यात कोरड्या कोकोपीटचा थर आणि सालीचा एक तुकडा. पंखा बंद, दाराखाली टॉवेल, मांजर दुसऱ्या खोलीत. शेजारी पकडायचा डबा उघडा ठेवून एक जण फक्त कोळ्यावर नजर ठेवेल, दुसरा कॅमेऱ्यावर. दहा मिनिटांत परत. आणि कात टाकल्यानंतर महिनाभर हे अजिबात नाही, रंग कितीही झळाळत असला तरी. तो झळाळ काचेतून टिपा.

कात टाकतानाचा टाइमलॅप्स तिपाईवरून, काचेबाहेरून, मंद स्थिर उजेडात. फ्लॅश नको. दर ३० सेकंदांनी एक चित्र घेतलं तर चार तासांत ४८० होतात आणि २५ फ्रेमच्या वेगाने १९ सेकंदांची फिल्म मिळते. मोठ्या कोळ्याला जास्त वेळ लागू शकतो, तेव्हा बॅटरीऐवजी प्लगवर चालवा.

टाकलेली कात म्हणजे फुकटचा, न हलणारा मॉडेल. उजेडाची सगळी जुळवाजुळव आधी तिच्यावर करून बघा. फोकस स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडाथोडा सरकवत घेतलेली चित्रं एकत्र जोडणं, शिकायचं तेही तिच्यावरच: एफ ५.६, एकास एक, दर ०.४ मिलिमीटरला एक चित्र. २० मिलिमीटर खोलीला ५० चित्रं होतात. कात वाळून कडक झाली असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून तासभर भिजवा आणि ब्रशने पोटाचा भाग उलगडा. आतल्या बाजूने चार पांढुरके ठिपके दिसतात, ती पुस्तकाच्या पानांसारखी रचलेली फुप्फुसं. पुढच्या दोहोंच्या मधोमध मागून उजेड देऊन फोटो घ्या. तिथे स्वतंत्र पडदी उठून दिसली तर मादी. पिल्लाच्या कातीत हे ओळखणं अवघड, पाच-सहा सेंटिमीटर पसाऱ्यापासून पुढे जमतं. मग कात पाय पसरून टाचण्यांनी थर्माकोलवर वाळवा, सिलिका जेलच्या पुडीसकट बंद डबीत ठेवा आणि डबीवर तारीख लिहा. दोन तारखांमधलं अंतर बघूनच पुढच्या वेळी तिपाई कधी लावायची याचा अंदाज येतो.